रमले की सांगीन

छाया,

तू गेल्यापासून या घरात सगळ्यांत जास्त वेळा बोलला गेलेला शब्द 'रमवा' हा आहे. कशात तरी मन रमवा. भेटायला येणारं माणूस आधी गप्प बसतं, मग तुझ्या फोटोकडं बघतं, मग चहा अर्धा झाला की हे वाक्य म्हणतं आणि कप खाली ठेवतं. माझ्या ऑफिसातले जुने सोबती म्हणाले, गल्लीतल्या बायका म्हणाल्या, चौदाव्याला आलेले गुरुजीसुद्धा चप्पल घालता घालता म्हणाले. मी मान हलवतो. तू असतीस तर त्यांना तिथंच अडवलं असतंस. लेकराला रमवता येतं, समोर काही तरी वाजवून. मोठ्या माणसाला कसं रमवणार, असं विचारलं असतंस, आणि समोरच्याला हसावं की गप्प बसावं ते कळलं नसतं.

आपल्या दोघांत या एका शब्दावरून जेवढा वाद झाला तेवढा दुसऱ्या कशावरून झाला नाही. मिठावरून नाही, माझ्या आईवरून नाही, आपल्या लेकीच्या, नेहाच्या लग्नावरूनही नाही. आणि वाद मिटायच्या आत तू उठून गेलीस. हे बराबर नाही.

सुरुवात तुझ्या वडिलांनी, मामांनी केली. लग्नाला वर्ष होत आलं होतं. आपण तेव्हा जुन्या जालन्यात, कापडाच्या दुकानांमागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहत होतो. मामा पिंपळगाव रेणुकाईहून आले, खांद्यावर मोसंब्यांची पिशवी. पाणी प्यायले, घाम पुसला आणि मला म्हणाले, "पाव्हणं, पोरगी रमली का आमची?" तू आत स्टोव्हपाशी होतीस. मी म्हणालो, "रमली की. बिलकुल रमली." मामांचा चेहरा उजळला. जेवून, पान खाऊन ते एसटीनं परत गेले.

ते गेल्यावर तू ताटं उचलत होतीस. माझ्याकडं न बघता म्हणालीस, "माझ्या वतीनं तुम्ही कसं काय सांगितलं?"

मी म्हणालो, काय चुकलं त्यात. भांडत नाहीस, रडत नाहीस, खातेस, पितेस.

"ती सवय झाली," तू म्हणालीस. "सवय झाली म्हणजे तरास व्हत न्हाई. रमलं म्हणजे उठवत न्हाई. मी रमले की मी सांगीन."

मी तेव्हा हसलो होतो. बावीस-तेवीस वर्षांची बायको, नव्या नवऱ्याला शब्दांचे अर्थ समजावून सांगतेय. मी कचेरीत टिपणं लिहिणारा माणूस. साहेबांच्या पत्रातली ऱ्हस्व-दीर्घ सुधारून देणारा. मला वाटलं, सांगेल कधी तरी, दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी.

'उठवत न्हाई' म्हणजे काय ते मला त्याच हिवाळ्यात दिसलं. तू माहेरी गेली होतीस आणि मी आणायला आलो होतो. तुझ्या माहेरच्या मळ्यात विहिरीच्या अंगाला मोसंबीची रोपं तयार करायचे, खुंट लिंबाचा आणि त्यावर कलम करायला मोसंबीचा डोळा, म्हणजे काडीवरचा कोंब. मामा, तुझा भाऊ सुदाम आणि तू, तिघं तीन ओळींत पोत्यावर बसून हे डोळे खुंटांत भरत होतात. मामांनी मला बघितलं, रामराम केला. सुदाम उठून आला. तू उठली नाहीस. मी हाक मारली. पुन्हा मारली. मामा म्हणाले, तिला आता ऐकू येणार न्हाई, बसा तुम्ही.

मी बांधावर बसलो आणि तुला बघत राहिलो. चाकूच्या टोकानं सालीवर आडवा काप, खाली उभा काप, साल दोन्हीकडून जराशी सैल करायची, डोळकाडीवरचा डोळा अलगद काढून त्या फटीत सरकवायचा, पट्टीनं बांधायचा, डोळा तेवढा उघडा ठेवायचा. आणि बसल्या बसल्या पुढच्या रोपाकडं सरकायचं. ओठ थोडे उघडे होते तुझे. कपाळावर केस आले होते ते तू मागं घेतले नव्हतेस. जालन्यात मी तुझे खूप चेहरे बघितले होते, हसरे, रागावलेले, पाहुण्यांसमोरचे. हा बघितला नव्हता. खरं सांगू का, मला मळ्याचा हेवा वाटला.

ओळ संपली तेव्हा तू मान वर केलीस आणि मला बघून दचकलीस. "कधी आलते?"

मी म्हणालो, मघाशीच, तुझी तंद्री लागली होती.

"तंद्री न्हाई," तू म्हणालीस. "तंद्री झोपंची बहीण. मी तं लई जागी व्हते."

परत येताना एसटीत मी तुला विचारलं, मग काय म्हणायचं त्याला. गुंग? दंग? मग्न? तू प्रत्येक शब्दाला थोडा विचार करून नको म्हणालीस. दंग तमाशा बघताना होतात. मग्न पुस्तकातला आहे, तो कुणी बोलत नाही. भोकरदन सोडलं तरी आपलं तेच चाललं होतं. कंडक्टरनं एकदा वळून बघितलं. शेवटी तू म्हणालीस की रमणंच बरं, साधं आहे, आजीपासून सगळे म्हणतात. आणि मग खिडकीबाहेर बघत बसलीस. मी पुढचा प्रश्न विचारला नाही. जालना जवळ येत होतं.

पुढं वर्षं गेली. नेहा झाली, मोठी झाली. तुला डोळे भरायला काही नव्हतं. गच्चीसुद्धा घरमालकाची होती. तू शिवण शिकलीस, चांगलं शिवायचीस, पण मशीनवर बसलेली असताना मी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायचीस. मला ते बरं वाटायचं. आता वाटतं, तेच बघून मला कळायला पाहिजे होतं, पण ते जाऊ दे.

मधे माझी मंठ्याला बदली झाली. एक खोली घेऊन राहिलो, शनिवारी घरी यायचो. तिथं पहिल्या महिन्यात चहावाल्यापासून साहेबांपर्यंत सगळे विचारायचे, रमलात का आमच्या गावात. मी म्हणायचो, रमलो रमलो. दुसरं काय म्हणणार? माणसं आपुलकीनं विचारतात. तू ते ऐकून इतकी हसलीस की तुला पाणी प्यावं लागलं. "आता कळलं का," म्हणालीस. त्या हसण्यात राग अजिबात नव्हता, म्हणून ते मला अजून आठवतं. त्या शनिवारी आपण बराच वेळ बोलत बसलो होतो आणि मला पहिल्यांदा वाटलं की दुसऱ्याच्या गावात येऊन राहणं म्हणजे काय यावर आपण दोघं बोलू शकतो.

एकदा मी कोश घेऊन आलो तुझ्यापुढं. मला वाटलं, आज मी जिंकणार. रमणं ज्या धातूवरून आलं त्याचा जुना अर्थ थांबणं, विसावणं असा आहे, मी सांगितलं. विराम त्याच घरातला. म्हणजे एखाद्या जागी माणूस थांबला की तो रमला. तू एवढी वर्षं जालन्यात थांबलीस. झाला निकाल.

तू भाजी चिरत होतीस. म्हणालीस, "थांबणं आन् रमणं एकच असलं, तर एसटी स्टँडवर बसलेली समदी माणसं रमलेली म्हणा की."

नेहा अभ्यास सोडून हसायला लागली. मीही हसलो. मग तुला बरं वाटावं म्हणून त्याच पानावरचं दुसरं सांगितलं, की आराम या शब्दाचा जुना अर्थ बाग असाही आहे; रमायची जागा ती आराम. त्यावर तू विळीवरचा हात थांबवलास. पुन्हा सांगा, म्हणालीस. मी पुन्हा सांगितलं. रात्रीच्या भाकरी थापताना तू दोनदा स्वतःशीच 'आराम' म्हणालीस. त्या दिवशी मी ठरवलं की कधी ना कधी तुला जमीन घेऊन द्यायची, चार ओळींची का होईना.

ती मंठा रोडला मिळाली तेव्हा आपले केस पिकले होते. घर लहान, मागची जागा मोठी. लोकांनी नावं ठेवली की असं उलटं कुणी बांधतं का. तू सुदामकडून लिंबाचं बी आणलंस, वाफे केलेस, टँकरच्या पाण्यावर रोपं जगवलीस. पहिल्या हिवाळ्यात तू पोतं टाकून बसलीस, तेव्हा इतक्या वर्षांनी हात चालतील का अशी मला शंका होती. हात चालले. मी मागच्या दारातून हाक मारली आणि तुला ऐकू आलं नाही. पुन्हा मारली नाही. आत जाऊन मी स्वतःच चहा केला. छाया, मला इतका आनंद माझ्या बढतीचाही झाला नव्हता.

तरी तू सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही. विचारून मिळालं असतं तर त्याची किंमत राहिली नसती, असं मला वाटायचं. एकदाच राहवलं नाही. नेहा पुण्याहून फोनवर मागं लागली होती की दोघं इकडंच या, एवढा मोठा फ्लॅट आहे, रमाल तुम्ही. मी तयार झालो होतो. माझे गुडघे, तुझा श्वास, दवाखाने जवळ. तू नाही म्हणालीस. मी कारण विचारलं तर रोपांकडं बोट दाखवलंस. मी म्हणालो, म्हणजे रमलीस म्हण की इथं. तू पाइप एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात टाकलास आणि म्हणालीस, "तुम्ही लई घाई करून राह्यलात."

बत्तीस वर्षांचं लग्न, आणि मी घाई करत होतो.

दवाखान्याचं मी फार लिहिणार नाही. तुला ते सगळं माहीत आहे. फक्त एक दुपार. त्या वेळी नेहा खाली औषधं आणायला गेली होती. दुखणं कमी व्हावं म्हणून तुला इंजेक्शन दिलेलं होतं आणि सकाळपासून तू डोळे मिटून होतीस. मी नर्सबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, गुंगी आहे, उतरेल. उतरली. तू डोळे उघडलेस, बराच वेळ पंख्याकडं बघितलंस आणि आवाज अगदी बारीक करून म्हणालीस, "ही गुंगी, आन् आपण म्हणतो ते गुंग व्हणं, एकच हाय का?"

मी म्हणालो, असावं, मूळ एकच असावं.

"मंग कोणी तरी चुकलं. ह्याच्यात काहीच न्हाई. निस्तं पांढरं."

मी म्हणालो, घरी गेल्यावर कोशात बघून सांगतो. सावकाश बघा, असं तू म्हणालीस आणि माझा हात धरलास. हात धरायची आपली पद्धत नव्हती. मी इकडं तिकडं बघितलं, कुणी बघत नाही ना म्हणून. कुणीच बघत नव्हतं.

त्यानंतर तू मला समजेल असं काही बोलली नाहीस.

घरी आल्यावर, सगळं आटोपल्यावर, मी कोश काढला. गुंग फारसीतून आलाय. तिकडं त्याचा अर्थ मुका. म्हणजे गुंग झालेलं माणूस आधी मुकं होतं; आपल्याकडं येता येता ते रमलेलं झालं आणि औषधाखालचंही झालं. तुझा प्रश्न चांगला होता. उत्तर एवढं सविस्तर मिळालं की तुला आवडलं असतं. तू नक्की त्यातही काही तरी काढलं असतंस. मी कोश मिटून परत फळीवर ठेवला.

आता वाद घालायलाही मी एकटाच आहे. तुझी बाजूही मलाच मांडावी लागते. सुदाम आला होता ना दिवसांना. रडून झाल्यावर तो माझ्याजवळ ओट्यावर बसला. म्हणाला, "आक्का आमच्याकडं दोन दिसांच्या वर कधी ऱ्हायली न्हाई, दाजी. रोपांला पाणी कोण घालील म्हणायची. तिचा जीव हिकडंच व्हता." त्याला वाटलं मला धीर येईल. आलाही, घटकाभर. मग मला तू दिसलीस, मान तिरकी करून बसलेली. पाणी घालायला परत येणं म्हणजे काळजी. काळजी असली की माणूस रमलंच असं कुणी सांगितलं? बरोबर आहे तुझं. पण मग माझीही बाजू आहे. तुला हाक ऐकू आली नव्हती, ती माहेरच्या मळ्यात तशीच इथंही. दोन्ही जागी तू तीच होतीस. त्यावर तू काय म्हणाली असतीस ते मात्र मला सुचत नाही. तुझ्या तोंडचं वाक्य मी रचायला जातो आणि ते माझ्यासारखं, टिपणातल्यासारखं होतं.

सुदामनं आणखी एक विचारलं. मागच्या जागेत तू पिशव्यांत लावलेले लिंबाचे खुंट पेन्सिलीएवढे जाड झालेत, डोळे भरायची वेळ झालीय. तो म्हणाला टेम्पो आणतो, सगळी पिंपळगावला नेतो, तुम्ही कुठं सांभाळत बसता. मी हो म्हणालो. सकाळी टेम्पो आला, गड्यानं पिशव्या उचलायला सुरुवात केली, आणि कडेची एक ओळ उरली तेव्हा मी म्हणालो, राहू दे एवढी. सुदामनं माझ्याकडं बघितलं. खिशातून चाकू काढला, पोतं अंथरलं आणि मला शेजारी बसवून तीन-चार रोपांवर करून दाखवलं. मोसंबीच्या डोळकाड्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवून गेला.

पहिल्या दिवशी मी एक अख्खी काडी वाया घालवली. काप खोल जायचा, डोळा चिरडायचा, पट्टी सुटायची. बोट कापलं. चष्मा घामानं घसरायचा. तू हे गप्पा मारता मारता कसं करायचीस असा विचार केला, आणि मग आठवलं की तू गप्पा मारत नव्हतीस. हात पुसून उठलो आणि दिवसभर पडून राहिलो.

परवा सकाळी पुन्हा बसलो. ऊन कोवळं होतं. एक डोळा नीट बसला. दुसरा थोडा वाकडा, तो काढून परत बसवला. साल कितपत सैल करायची ते अंगठ्याला आपोआप कळायला लागलं. बोटांना लिंबाचा वास येत होता. पुढच्या रोपाकडं सरकलो, मग पुढच्या. पोत्यावर पाय कधी मोडून बसलो ते समजलं नाही. एरवी गुडघे तसे बसू देत नाहीत. फाटकाशी कुणी तरी आलं होतं म्हणे, शेजारच्या काकूंनी नंतर सांगितलं, दोनदा हाक मारून परत गेलं.

ओळ संपली तेव्हा ऊन भिंतीच्या पलीकडं गेलं होतं. मी मागं वळून बघितलं. सगळ्या पट्ट्या एका उंचीवर होत्या, अगदी एका नाही, पण बऱ्यापैकी. घराकडं तोंड करून मी मोठ्यानं म्हणालो, "छाया, हे बघ."

मागचं दार उघडंच होतं. आत स्वयंपाकघर दिसत होतं आणि ओट्यावर सकाळचा माझा एकट्याचा कप.

एवढा वेळ तू गेलीस हे माझ्या ध्यानातच नव्हतं. दीड महिन्यात पहिल्यांदा. आणि मग ते सगळं एकदम पुन्हा झालं, दवाखाना, पांढरी चादर, माणसांनी भरलेलं अंगण. पहिल्यांदा झालं तेव्हा माझ्याभोवती माणसं होती. परवा कुणी नव्हतं. मी तिथंच पोत्यावर बसून राहिलो, आणि गुडघे दुखायला लागले.

संध्याकाळी नेहाचा फोन आला. जेवलात का, औषध घेतलं का, पुण्याला कधी येताय. मी तिला सगळं सांगून टाकलं. म्हणालो, आज मी आईला विसरलो होतो गं, सकाळभर. मला वाटलं तिला वाईट वाटेल. ती म्हणाली, "बाबा, माझं गेल्या आठवड्यात झालं. ऑफिसात एक काम होतं. संध्याकाळपर्यंत मला आई आठवलीच नाही. पार्किंगमध्ये आल्यावर आठवली. तिथंच गाडीत बसून रडले. कुणाला सांगितलं नाही."

मी म्हणालो, मला सांगायचंस.

"तुम्हाला काय वाटेल, म्हणून नाही सांगितलं." मग तिनं नाक ओढलं आणि विचारलं, "तुम्ही मग काय केलंत, आठवल्यावर?"

मी म्हणालो, आठवायच्या आधी हाक मारली होती.

"कुणाला?"

मी म्हणालो, तुझ्या आईला. ओळ झाली ते सांगायला. मग तिनं विचारलं, किती रोपं झाली, आणि मी फोन कानाला लावून मागच्या दारात जाऊन मोजायला लागलो.